हात चुगली करतात!

शनिवारची रात्र. साडेअकरा वाजून गेलेले. बेंगळुरूच्या पूर्वेला, के. आर. पुरममधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून तारांवर तोललेला तो प्रसिद्ध पूल दिसतो. २००३ साली तो झाला, तेव्हापासून सारं गाव त्याला 'हँगिंग ब्रिज' म्हणतं. खाली लॉऱ्यांचा आवाज अजून थांबलेला नाही. वर मात्र विलक्षण शांतता! जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं. त्याभोवती सहाजण. मध्ये प्लास्टिकच्या रंगीत चकत्यांचा ढीग.

सहाजणांतला एक मराठी. मूळचा सांगलीचा. वय वर्षं अडतीस. व्हाईटफिल्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. पुढ्यातल्या सगळ्या चकत्या त्याने दोन्ही हातांनी ढिगाकडे सरकवल्या आणि तो मागे टेकून बसला. चेहरा दगडासारखा. डोळे समोरच्या भिंतीवर.

समोर होते सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ. जवळच्याच दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. टेबलावरचे सगळेच त्यांना 'अंकल' म्हणतात. अंकलनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चष्मा किंचित खाली ओढून ते त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिले. मग हाताकडे. मग म्हणाले, "कॉल."

अंकलकडे होती फक्त नव्वीची एक जोडी. आणि आपल्या सांगलीकराकडे? काहीच नाही! पाचवं इस्पिक येईल या आशेवर तो शेवटपर्यंत थांबला होता. ते आलंच नाही. म्हणून त्याने थाप मारली होती.

"अंकल, ओळखलंत कसं?"

चकत्या गोळा करता करता अंकल हिंदीत म्हणाले, "तुम्ही श्वास घ्यायला विसरलात."

पाच वर्षं कुणी पाहिलंच नाही

श्वास कसा घ्यायचा हेही माणूस विसरतो? विसरतो. त्यातून या सांगलीकराला तर ते शिकायची कधी वेळच आली नव्हती. पाच वर्षं तो पोकर खेळला होता, पण फोनवर. रात्री जेवणं झाली की बाल्कनीत जाऊन. समोर माणूस नसायचा, नुसतं टोपणनाव असायचं. थाप मारताना छाती धडधडली काय, हात कापले काय, कुणाला पत्ता?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्या कायद्याच्या कचाट्यात आले. पोकरच्या ॲपवरचे पैशाचे डाव थांबले. दिवाळीनंतर ऑफिसातल्या एका मित्राने त्याला विचारलं, "शनिवारी येतोस का? आमच्याकडे खरे पत्ते असतात." तो गेला. आणि पहिल्याच रात्री त्याच्या लक्षात आलं, की पत्ते लपवणं सोपं आहे, स्वतःला लपवणं कठीण!

ज्यांनी फक्त दिवाळीतली तीन पत्ती किंवा रेल्वेच्या डब्यातली रमी पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पोकरच्या सर्वात लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडले जातात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वात भारी, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पत्ते टाकून बाहेर पडायचं. आणि गंमत इथेच आहे. बाकी सगळे घाबरून बाहेर पडले, तर उरलेल्याला पत्ते दाखवावेच लागत नाहीत. हातात कचरा असला तरी ढीग त्याचा!

हातात सुरुवातीलाच दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा येतो. म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येकाच्या हातात सामान्य पत्तेच असतात. मग जिंकायचं कसं? एक तर हिशेबाने, नाहीतर समोरच्याला ओळखून.

हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांतही एकमत नाही. पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला जात असेल तर परवान्याची गरज नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नेमकं उलट सांगितलं, हा जुगारच! के. आर. पुरमच्या त्या टेबलावर मात्र प्रत्येकी एक हजार रुपये ठेवून खेळ चाले, आणि हजार रुपये म्हणजे काही लाख नव्हेत, अशी सगळ्यांनी आपापली समजूत घालून घेतलेली.

चुगलीचं शास्त्र

अंकलचं ते वाक्य सांगलीकराच्या जिव्हारी लागलं. पोकरवाले अशा खुणेला 'टेल' म्हणतात. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे, चुगली. मालक गप्प बसलेला असतो आणि त्याचं शरीर जाऊन समोरच्याच्या कानात सांगतं. त्याने पुस्तकं मागवली, व्हिडिओ पाहिले. के. आर. पुरमहून व्हाईटफिल्डकडे जाणारी मेट्रो २०२३ पासून सुरू झाली आहे. त्या प्रवासात तो रोज एक प्रकरण संपवू लागला.

या विषयातलं सर्वात गाजलेलं पुस्तक माईक कारो या अमेरिकन खेळाडूचं, १९८४ सालचं. त्याचं सार एका ओळीत सांगता येतं. ज्याचे पत्ते भारी, तो दुबळेपणाचं सोंग करतो, आणि ज्याच्याकडे काही नाही, तो छाती काढून बसतो. उसासा टाकून, खांदे उडवून, 'बघू या, लावतो आता' असं म्हणत कुणी पैसे लावले, तर सावध! तुमच्याकडे रोखून बघणारा बहुतेक वेळा तुम्हाला घाबरवायला बघत असतो. दुसरीकडेच बघत बसलेला माणूस खरा धोकादायक.

काही खुणा तर ऐकून हसू येईल अशा. चांगले पत्ते आले, की नवख्याची नजर क्षणभर स्वतःच्या चकत्यांकडे जाते. भूक लागलेला माणूस ताटाकडे बघतो तशी. टेबलावर तीन बदाम उघडले आणि समोरच्याने घाईने आपले पत्ते पुन्हा उचलून पाहिले, तर त्याच्याकडे दोन बदाम बहुधा नाहीतच. दोन्ही एकाच रंगाचे असते तर ते त्याच्या लक्षात राहिले असते. एक आहे का, तेच तो तपासतोय! आणि हात थरथरायला लागले तर? आपण म्हणू, घाबरला, थाप मारतोय. जाणकार सांगतात, बहुतेक वेळा उलट. थाप मारणारा स्वतःला आवळून धरतो, हालचाल थांबवतो, श्वाससुद्धा रोखतो. भारी पत्ते मिळालेल्याचा ताण सुटतो, म्हणून हात कापतात.

अमेरिकेच्या एफबीआयमध्ये पंचवीस वर्षं काढलेले जो नवारो पोकर खेळणाऱ्यांना सल्ला देतात, की चेहऱ्यापेक्षा पायांकडे लक्ष ठेवा. लहानपणापासून आपल्याला 'पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नकोस' असं शिकवतात. पायांना कुणी काही शिकवत नाही. मानेला हात लावणं, गळा चोळणं, ही त्यांच्या मते अस्वस्थ माणसाने स्वतःला थोपटण्याची खूण.

२०१३ साली मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. २००९ च्या जागतिक पोकर स्पर्धेच्या चित्रफिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. काहींना खेळाडूंचे फक्त चेहरे, काहींना पैसे लावतानाचे फक्त हात. कुणाचे पत्ते किती चांगले, ते ओळखायचं. चेहरे पाहणाऱ्यांना काहीच साधलं नाही. फक्त हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र नुसत्या योगायोगापेक्षा चांगले निघाले! ज्याला आपल्या पत्त्यांची खात्री आहे, त्याचा हात सहज, न अडखळता पुढे जातो. नामांकित खेळाडू चेहऱ्यावर मुखवटा चढवतात, हातांवर चढवायचं राहून जातं.

हे वाचल्यावर सांगलीकराने शर्टाच्या बटणांकडे आणि मनगटांकडे बघायला सुरुवात केली. तिसऱ्या शनिवारी तो अडीच हजार रुपये जिंकून घरी आला. चौथ्या शनिवारी अंकलनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं, आता आपल्याला माणसं वाचता येतात.

आणि इथेच घोटाळा झाला.

पाचशेची नोट

घरात चार माणसं. तो, बायको, तिसरीत शिकणारी लेक आणि सांगलीहून थंडीपुरती आलेली आई. स्वयंपाकघरातल्या फडताळात स्टीलचा एक डबा. त्यात घरखर्चाचे सुटे पैसे. भाजी, फुलं, इस्त्रीवाला, सगळं त्यातून. बायको वहीत लिहून ठेवते.

एका सोमवारी संध्याकाळी हिशेब जुळेना. पाचशेची नोट कमी. सासूबाईंना माहीत नाही, बायकोला आठवत नाही. त्याने लेकीला हाक मारली. शाळेत त्या आठवड्यात मुलामुलींत कसल्याशा चमकत्या पेनांचं वेड सुरू होतं, आणि तिच्या दप्तरात तसं एक पेन त्याने सकाळीच पाहिलं होतं.

"डब्यातले पैसे तू घेतलेस?"

लेकीने खाली पाहिलं. हात मानेकडे गेला. एक क्षण थांबून ती पुटपुटली, "नाही बाबा."

नजर खाली, हात गळ्याशी, उत्तराला उशीर. तिन्ही खुणा पुस्तकात होत्या, पान क्रमांकासकट! "माझ्याकडे बघून बोल," त्याने आवाज चढवला. तिने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. त्याची खात्रीच झाली. "मला कळतं खोटं बोललेलं. बाबाला फसवता येत नाही."

ती रडत खोलीत गेली. पेन मैत्रिणीने वाढदिवसाला वाटलेलं होतं, हे तिने आईला रात्री हुंदके देत सांगितलं. बायकोने दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या आईला सहज विचारलं. खरं होतं.

मग नोट कुठे गेली? मंगळवारी रात्री तो जेवायला बसला असताना आई शांतपणे म्हणाली, "पोरीला विचारण्याआधी मला तरी नीट विचारायचंस. शनिवारी तिन्हीसांजेला डबा उघडल्याचा आवाज मी ऐकला होता. सूनबाई तेव्हा घरात नव्हती. पोरगी खाली खेळत होती."

हातातला घास तसाच राहिला. शनिवारी संध्याकाळी निघताना पाकिटात पाचशेची एकच नोट होती. टेबलावर हजार लागतात. दुसरी नोट त्याने घाईत डब्यातून उचलली होती, उद्या ठेवू म्हणून. रविवारी तो विसरला होता.

ज्याच्या हाताने पैसे घेतले, तोच समोरच्याचे हात वाचत बसला होता!

झुंझाररावाची चूक

खोटं पकडण्याच्या विद्येत ही चूक इतकी जुनी आहे, की तिला नावसुद्धा आहे. चेहऱ्यांवरच्या भावांचा आयुष्यभर अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात तिला 'ऑथेल्लोची चूक' म्हटलं. शेक्सपिअरचा तो ऑथेल्लो मराठी रसिकांना गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून भेटवला. निरपराध बायको भीतीने थरथरते, आणि ती थरथर म्हणजेच गुन्ह्याची कबुली, असं तो धरून चालतो. खरं बोलणारा माणूस आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीने घाबरतो. खोटं बोलणारा पकडले जाऊ या भीतीने घाबरतो. शरीर दोन्हीकडे सारखंच वागतं. ते फक्त एवढंच सांगतं, की आत काहीतरी हललंय. काय हललंय, ते सांगत नाही.

आपण चेहरा पाहून खोटं ओळखतो, असं बहुतेकांना वाटतं. शिक्षकांना वाटतं, सासवांना वाटतं, नवऱ्यांना तर हमखास वाटतं. अमेरिकेतल्या चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. सुमारे २४ हजार माणसांचे अंदाज त्यात होते. बरोबर किती निघाले? शंभरात ५४! नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० बरोबर आले असते.

मग पोकरच्या टेबलावर अंकलना कसं जमतं? एक तर त्यांचंही अनेकदा चुकतं, पण तिथे चूक हजार रुपयांची असते, आठ वर्षांच्या मुलीच्या मनाची नसते. दुसरं म्हणजे ते माणसाकडे आधी तासभर नुसतं बघतात. तो एरवी कसा बसतो, चकत्या कशा खेळवतो, जिंकल्यावर काय करतो. ही झाली त्याची नेहमीची चाल. तिच्यात काही बदललं, तरच ती खूण. पुस्तकातल्या खुणा सर्वांना सारख्या लावल्या, की झुंझारराव होतो.

आणि खुणांवाचूनही जिंकता येतं, हे तर आता यंत्रांनीच दाखवलंय. २०१९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी 'प्लुरिबस' नावाचा संगणक कार्यक्रम बनवला. सहाजणांच्या पोकरमध्ये पाच व्यावसायिक खेळाडूंसमोर तो बारा दिवसांत १० हजार डाव खेळला आणि सरस ठरला. त्याला डोळे नव्हते. कुणाचा श्वास अडला, कुणाचा हात कापला, त्याला ठाऊकही नव्हतं. त्याने हिशेब केला, आणि स्वतःच्या चालीचा कुणाला अंदाज येऊ दिला नाही.

हे आपल्याला नवं का वाटावं? महाभारतातल्या नलाने जुगारात राज्य घालवलं. ते परत मिळवायची विद्या त्याला ऋतुपर्ण राजाने दिली. ऋतुपर्णाचं कौशल्य काय, तर बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं तो एका नजरेत मोजून सांगत असे. मोजणं हीच त्याची विद्या होती. त्याहीआधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे. त्यात फाशांइतकीच जागा आहे त्याच्या दुःखी बायकोला आणि आईला.

घरातला पोकर फेस

त्याने लेकीची माफी मागितली. तिने मान डोलावली. पण त्या आठवड्यात घरात एक बदल झाला. बाबा ऑफिसातून आला, की लेकीच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. "शाळेत काय झालं?" "काही नाही." "डबा संपवलास?" "हो." ना हसू, ना राग. आठ वर्षांच्या मुलीने चार दिवसांत ते साधलं, जे त्याला चार शनिवारांत साधलं नव्हतं. एकही खूण नाही! जगातल्या कोणत्याही टेबलावर तिचे पत्ते कुणाला कळले नसते.

ते त्याला सहन होईना. शुक्रवारी रात्री, लेक झोपल्यावर, त्याने बायकोला जवळ बसवलं आणि पाचशेच्या नोटेवरून सुरू झालेली गोष्ट मागे मागे जात बाल्कनीतल्या पाच वर्षांपर्यंत पोचली. फोनवरच्या खेळात गेलेले पैसे. कधी दोन हजार, कधी पंधरा. मोडलेली एक ठेव. एकूण तीन लाख दहा हजार.

बायको बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काहीतरी चाललंय हे मला माहीत होतं. जेवताना तुम्ही फोन पालथा ठेवायला लागलात ना, तेव्हापासून. ठेव मोडलीत तेही बँकेच्या कागदावर दिसलं होतं. पण मला वाटलं, गावाकडे आईंच्या औषधपाण्याला पाठवलेत आणि मला सांगायला संकोचताय. आकडा इतका असेल असं नव्हतं वाटलं."

पाच वर्षं रोज शेजारी बसणारं माणूस. त्याने खूण अचूक पकडली होती. अर्थ मात्र चांगला लावला होता.

त्यानंतरचे दिवस गोड गेले, असं कुणी सांगितलं तर ती थाप समजावी. बायकोने बँकेची खाती स्वतःच्या नजरेखाली घेतली. दोघांत कामापुरतं बोलणं होतं. गेल्याच्या मागे धावून ते परत मिळवावेसे वाटणं, हे आवरत नसेल तर तो आजार असतो, हे त्याने वाचलं होतं. त्याच गावात निम्हान्ससारखी संस्था आहे, २०१४ पासून तिथे फोन आणि ऑनलाइन खेळांच्या आहारी गेलेल्यांसाठी खास उपचार केंद्र चालतं. बायकोने एवढंच म्हटलं, "जायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मी बरोबर येईन." तो गेला. दोघंही गेले.

शनिवारी टेबलावर त्याची खुर्ची रिकामी राहिली. अंकलचा फोन आला. त्याने सरळ सांगितलं, "अंकल, आता नाही येणार." पलीकडून अंकल म्हणाले, "आवाजावरून वाटतंय, खरं बोलताय."

चॅलेंज!

त्याच शनिवारी आजीने कपाटातून जुने, कडा दुमडलेले पत्ते काढले. "चॅलेंज खेळू या. सगळे बसा."

मराठी घरात हा खेळ कुणाला शिकवावा लागत नाही. पत्ते पालथे टाकायचे आणि मोठ्याने सांगायचं, 'दोन राण्या', 'तीन सत्त्या'. खरं असेल, नसेल. संशय आला तर 'चॅलेंज' म्हणायचं. खोटं निघालं तर सगळा ढीग खोटं बोलणाऱ्याने उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणाऱ्याने! उन्हाळ्याच्या सुट्टीत, गच्चीवर, मामाच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या मुलं या खेळात खोटं बोलायला शिकली, आणि खोटं नसताना संशय घेतला तर काय भोगावं लागतं तेही.

लेक पहिल्यांदा आजीला चिकटूनच बसली. दोन डाव झाले, तशी ती सैल झाली. आणि त्याला पहिल्यांदाच दिसलं, आपली मुलगी खोटं बोलते तेव्हा कशी दिसते ते. नजर खाली नाही, मानेला हात नाही. उलट ती ताठ बसते, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालते, आकडा जरा जास्तच ठणकावून सांगते आणि ओठ घट्ट मिटून घेते, हसू सांडू नये म्हणून. खरं बोलताना ती लाजते, खाली बघते. पेनाबद्दल विचारलं तेव्हा बघितलं होतं, तसंच. आठ वर्षं ती त्याच्या मांडीवर, खांद्यावर, शेजारी होती. सहा अनोळखी माणसांच्या मनगटांचा त्याने अभ्यास केला होता, आणि हा साधा धडा राहून गेला होता.

आजी हातातले पत्ते लावता लावता म्हणाली, "हिचा बापही असाच होता. खरं सांगताना अडखळायचा. मास्तरांचा मार खाल्लाय त्याने त्यापायी." लेकीने मान वर करून बाबाकडे पाहिलं. खूप दिवसांनी सरळ पाहिलं.

डाव पुढे सरकला. ढीग मोठा झाला होता. लेकीच्या हातात थोडेच पत्ते उरले होते. तिने तीन पत्ते धाडकन पालथे टाकले.

"तीन राजे!"

त्याच्या हातात दोन राजे होते. पत्त्यांत राजे चारच असतात. ती खोटं बोलतेय हे कळायला तिच्याकडे बघायची काहीच गरज नव्हती. ऋतुपर्णाची विद्याही नको, दुसरीतलं गणित पुरे होतं.

तरी त्याने बघितलं. ती ताठ बसली होती. डोळे त्याच्या डोळ्यांत. ओठ घट्ट मिटलेले, आणि उजव्या गालावरची खळी काही केल्या मिटत नव्हती. तो तिच्याकडे बघतच राहिला. इतका वेळ, की आजीने कोपरखळी मारली, "अरे, बोल की काहीतरी!"

"चॅलेंज," तो म्हणाला.

"बाबाऽऽ!" लेक किंचाळली, आणि हसत हसत तिने सगळा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला.